निसर्ग सूड घेत नाही

रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) आपल्याकडे पक्ष्यांचे पुस्तक म्हणूनच ओळखले जाते. शिक्षकांनी आवर्जून वाचावे ते मात्र त्यातले कीटकांवरचे पंधरावे प्रकरण. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबाच्या बागा खवले किडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा १८८८ साली ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचा ढालकिडा मागवला गेला. दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे १९४०च्या दशकात दुसऱ्याच किडींसाठी डीडीटी फवारले गेले. वेडालिया मेला, खवले कीड परतली.

हकिगत कार्सन चोख सांगतात. घोटाळा करते ते प्रकरणाचे शीर्षक : निसर्ग उलटून लढतो, अशा अर्थाचे. मग आपले विद्यार्थी ‘निसर्गाने सूड घेतला’ असे लिहितात आणि (खरे तर हेच अधिक वाईट) त्याला गुणही मिळतात! सूड कसला? खवले कीड बहुतेक वेळ एका जागी चिकटून, मेणचट आवरणाखाली रस शोषत बसते. डीडीटी तिला फारसे बाधत नाही. भक्ष्य शोधत पानोपानी हिंडणाऱ्या ढालकिड्याच्या पायांना मात्र ते पावलागणिक लागते.