'यूझर्पर' यशवंतराव?

इंग्रजी साधनांवरून लिहिलेले आपल्याकडचे लेख वाचताना एक शब्द मला सारखा खटकतो. मूळ इंग्रजीत 'यूझर्प' असतं आणि आपण डोळे मिटून 'बळकावणे' लिहून मोकळे होतो. मीही लिहिलंय, तेव्हा दोष आधी माझा.

'बळकावणे' म्हटलं की बळ आधी दिसतं. 'यूझर्प'चा जोर हक्कावर आहे. जे पद किंवा जो अधिकार आपला नाही, तो आपलाच असल्यासारखा चालवणं, असा त्याचा अर्थ. तलवार उपसलीच पाहिजे असं नाही. १७४९ साली शाहू महाराज वारले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. याला इंग्रज लेखकांनी 'यूझर्पेशन' म्हटलं. तिथे 'पेशव्यांनी गादी बळकावली' हे भाषांतर साफ चूक. गादीवर रामराजे होतेच. गेला तो अधिकार.

आम्हा इंदूरकरांना जास्त झोंबतो तो यशवंतराव होळकरांना लावलेला 'यूझर्पर'. इथे बळ होतं, नाही कशाला म्हणू? पण हक्काचं काय? १७९७ मध्ये तुकोजीराव वारले. काशीराव औरस थोरले, पण त्यांच्या पाठीशी दौलतराव शिंदे. धाकटे औरस मल्हारराव त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. त्यांच्यामागे जन्मलेल्या खंडेरावाच्या नावाने यशवंतराव उभे राहिले. ते स्वतः अनौरस. म्हणजे हक्काचा वाद खराच होता, आणि घरातलाच होता. 'यूझर्पर' या एका शब्दात कंपनीने तो परस्पर निकालात काढला. आपण 'राज्य बळकावणारा' लिहितो तेव्हा तो निकालही नकळत मराठीत आणतो.

गंमत पुढेच आहे. १८०४ मध्ये युद्ध सुरू असताना वेलस्लीच्या लेखी खरे वारस काशीराव. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी राजपूरघाटला तह झाला, तो मात्र यशवंतरावांशी. काशीराव तेव्हा हयात होते! मधल्या काळात वंशावळ काही बदलली नव्हती. भरतपूरचा वेढा फसला होता आणि वेलस्ली परत गेला होता.

माझ्या जुन्या टिपणातलं 'बळकावणारा' मी काढलंय. 'ज्यांचा हक्क कंपनी तेव्हा मानत नव्हती ते यशवंतराव' असं लिहिलंय. लांबलचक झालंय खरं, पण राहू दे.