प्रांताचें नांव आणि लोकांची बोली

संकटकाळीं प्रांताला नांव सुचतें. त्या नांवांत कोण मावतें, हें पाहणें टीकाकाराचें काम होय. १९५३ च्या नागपूर करारानें विदर्भास खर्चाच्या न्याय्य वांट्याचें आश्वासन दिलें. १९५५ त फाजलअली आयोगानें स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. १९६० त विदर्भ महाराष्ट्रांत आला. तेव्हांपासून विदर्भाविषयींच्या बहुतेक लेखांत अनुशेषाचा हिशेब हीच प्रांताची ओळख झाली आहे. तक्रार खरी आहे. पण वैनगंगेकांठची झाडी या लेखांत कोठें दिसते? कोंढ्याकडे 'पाणी'चें 'पानी' होतें, मंडईच्या दिवसांत दंडार रंगते. हें सारें 'अशुद्ध' म्हणून बाजूस राहतें.

हा प्रकार एकट्या विदर्भाचा नव्हे. सोव्हिएट संघ फुटल्यावर मोल्दोव्हा देशानें १९९४ च्या घटनेंत आपल्या भाषेस 'मोल्दोव्हन' म्हटलें, २०२३ त कायद्यानें तिलाच 'रुमानियन' ठरविलें. लोक बोलत राहिले तें एकच. नांव विधिमंडळ देतें. भाषा लोकच जगवितात.

आम्हींही वर्गांत कित्येक वर्षें हा 'पानी' खोडून 'पाणी' केला आहे. म्हणूनच म्हणतों : पुण्यामुंबईच्या दुजाभावावर जो रागावतो, त्यानें झाडीबोलीस आपल्याच पंगतींतून उठवूं नये.