अक्षरांचें माप

मोबाइलवरील ॲपमध्यें मजकूर लिहूं लागलें कीं चौकटीच्या कोपऱ्यांत एक आंकडा घटत जातो, आणि तो शून्यावर आला कीं लेखन थांबतें. या मर्यादेस ‘वाङ्मयाची गळचेपी’ म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. अनुष्टुभाच्या श्लोकास ३२ अक्षरांचें कुंपण आहे, मंदाक्रांतेच्या चरणास १७ अक्षरांचें; त्यामुळें कवींची वाणी खुंटली नाहीं, उलट घोटीव झाली. दोष मर्यादेंत नाहीं, मापांत आहे.

छंदःशास्त्र अक्षर मोजतें तें कानानें. ‘स्त्री’ हें त्याच्या लेखीं एक अक्षर. बहुतेक ॲपांच्या हिशेबीं मात्र स, त, र, पाय मोडल्याच्या दोन खुणा आणि वेलांटी मिळून तीं सहा चिन्हें होतात. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दांत आपण चार अक्षरें उच्चारतों. यंत्र पंधरा मोजतें. ट्विटरनें २०१७ सालीं १४० चिन्हांची मर्यादा २८० केली, तेव्हां चिनी, जपानी व कोरियन लिपींचें एक चिन्ह दोन धरलें. लिपी-लिपींत भेद असतो हें चालकांनीं जाणलें; देवनागरीच्या जोडाक्षराचा विचार मात्र झाला नाहीं. कापड वारानें न विकतां धागे मोजून विकलें, तर घट्ट विणीचें वस्त्र नेणारास तोटाच सोसावा लागतो.

कित्येक ॲपें तर मर्यादेपुढील मजकूर बेधडक तोडतात. घाव जोडाक्षराच्या मध्यावर पडला, कीं ‘शक्ति’ या शब्दाचा पाय मोडका ‘शक्’ तेवढा उरतो. हा संक्षेप नव्हे, अंगभंग होय.

सांठवणीची जागा परिमित असते, हा आक्षेप खरा आहे. मोबाइलच्या एका लघुसंदेशांत रोमन चिन्हें १६० मावतात आणि देवनागरी ७०, तें याच कारणानें; रोमन चिन्हास ७ बिटें लागतात, देवनागरीस १६. मराठी माणूस आपली भाषा रोमन लिपींत लिहूं लागला, त्यास कळफलकाच्या अडचणीबरोबर ही काटकसरही कारण म्हणावी लागेल. परंतु जागेचा हिशेब यंत्रानें आपल्यापाशीं ठेवावा. लेखकापुढें मांडावयाचा तो अक्षरांचाच.

युनिकोडनें २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तींत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम घातला आहे. साधन हातीं आलें आहे. आतां ॲप घडविणारानें चौकट खुशाल लहान ठेवावी. पण तींत किती मावलें हें मोजतांना, लिहिणाराच्या भाषेंत अक्षर कशास म्हणतात, तें आधीं विचारावें.