‘स्वमग्न’ : एका शब्दाची परीक्षा

ग्रंथांचें परीक्षण करण्याची आपल्या मासिकांची रीत जुनी आहे. शब्दांचें परीक्षण मात्र क्वचितच होतें. वास्तविक चुकलेला ग्रंथ कपाटांत पडून राहतो. चुकलेला शब्द घरोघर जाऊन बसतो. ‘ऑटिझम’ या संज्ञेसाठीं मराठीनें पत्करलेला ‘स्वमग्न’ हा शब्द आम्हांस त्या जातीचा वाटतो, म्हणून त्याचे गुणदोष पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम गुण सांगणें न्यायाचें. शब्द सुटसुटीत आहे, कानास गोड आहे, आणि ‘वेडा’, ‘खुळा’ अशा नांवांपासून त्यानें पुष्कळ मुलांस सोडविलें. मूळ संज्ञेशींही तो प्रामाणिक आहे. स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनीं ती ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली, तीही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचें जगापासून तुटलेपण सांगण्यासाठीं. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं ११ मुलांचें वर्णन करतांना तीच उचलली. तेव्हां दोष मुळांतलाच. भाषांतरकारानें तो जसाच्या तसा घरीं आणला.

तो दोष असा कीं, पाहणाराला मूल कसें दिसतें एवढेंच हा शब्द सांगतो. कामशेतच्या फलाटावर एकदां आम्हीं असें एक मूल पाहिलें. त्याला वाचोपचारासाठीं चिंचवडला नेणारी आई लोकलची वाट पाहत उभी होती. तेथें न थांबणारी एक गाडी शिटी फुंकीत धडधडत गेली. त्यासरशी मुलानें दोन्ही कान गच्च दाबले, डोळे मिटले आणि तें जागच्या जागीं डोलूं लागलें. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “आपल्याच तंद्रींत आहे हो!” आई कांहीं बोलली नाहीं, गाडी दूर जाईपर्यंत तिनें आपले तळहात त्याच्या हातांवर दाबून धरले. ज्याच्या अंगावर सारें जग कोसळत होतें, त्यालाच आमचे गृहस्थ तंद्रींत म्हणत होते!

हा केवळ शब्दांचा वाद असता तर आम्हीं तो वाढविला नसता. पण नांवावरून उपचाराची दिशा ठरते. मूल स्वतःंत बुडालें आहे असें मानलें, कीं त्याला बाहेर ओढणें हाच उपाय वाटूं लागतो, आणि तें कां बुडालें याचें खापर आईवर फुटतें. पाश्चात्य देशांत खरोखरच असें झालें; मातांच्या थंडपणास बोल लावणारा ब्रूनो बेटेलहाइम यांचा ग्रंथ १९६७ सालचा आहे. तें मत पुढें त्याज्य ठरलें. मेंदूची घडणच वेगळी असते आणि तींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हें आतां मान्य झालें आहे. आवाज, उजेड, स्पर्श हे अशा पुष्कळ मुलांस फार लागतात, हें एकदां ध्यानांत आलें कीं उपायही बदलतात : गलबला कमी करणें, दिवसाचा क्रम चित्रांनीं अगोदर दाखविणें, बोलतां येत नसेल तर चित्रकार्डांनीं मागणें मागूं देणें. यांत मुलाइतकेंच घरालाही शिकावें लागतें.

‘अतिचंचल’ या शब्दाची कथा हीच. एडीएचडी या अवस्थेंतील पुष्कळ मुलें, विशेषतः मुली, मुळींच धांवपळ करीत नाहींत. खिडकीशीं शांत बसतात, पण अवधान टिकत नाहीं. त्या ‘चंचल’ दिसत नाहींत, म्हणून आळशी ठरतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत २१ प्रकार मोजले आहेत. स्वमग्नता त्यांत आहे, ही अवस्था स्वतंत्रपणें नाहीं. दाखला आणि सवलती अशा नांवांवरच अवलंबून असतात.

तर मग दुसरा शब्द कोणता? तो आमच्याजवळ तयार नाहीं, आणि कायद्यांत रुळलेला शब्द एका लेखानें उठतही नाहीं. ज्यांस तो लावावयाचा, त्यांतील जीं माणसें आज मोठीं होऊन स्वतःविषयीं बोलूं-लिहूं लागलीं आहेत, त्यांस तो विचारावा. तोंवर वाचकांनीं शब्द वापरावा, पण त्याचा अर्थ खरा मानूं नये. आणि फलाटावर कोणी मूल कान दाबून उभें दिसलें, तर आपला आवाज तरी खालीं आणावा.