टंचाईचे वास्तव : 'गॅलॅक्टिका'पासून शहापूर-मुरबाडपर्यंत

'वास्तववादी विज्ञानकथा' ही संज्ञा प्रथमदर्शनी वदतोव्याघातासारखी वाटते. जे अद्याप घडलेलेच नाही, त्याच्या चित्रणाची वास्तवता कोणत्या प्रमाणाने जोखावयाची? मराठी विज्ञानकथेने या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने विज्ञानाच्या अंगाने दिले. कथेतील कल्पना ज्ञात वैज्ञानिक नियमांशी सुसंगत असावी, ही कसोटी जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'नंतर (१९७९) दृढ झाली. मुद्रित कथेला ती पुरते. नियमाचे स्पष्टीकरण करावयास तेथे निवेदक हजर असतो. दूरचित्रवाणी मालिकेत मात्र निवेदकाचे काम दृश्याला करावे लागते, आणि दृश्याची वास्तवता नियमाच्या अचूकतेपेक्षा त्या जगात माणसे कशी जगतात, यावर अधिक अवलंबून राहते. दूरदर्शनवरील 'स्पेस सिटी सिग्मा'ने 'स्टार ट्रेक'च्या वळणाचे यान आणि गणवेश स्वीकारले, तरी हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

या दृष्टीने रोनाल्ड मूर यांची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (लघुमालिका २००३, मालिका २००४–२००९) अभ्यसनीय ठरते. 'स्टार ट्रेक'च्या परंपरेतच लेखक म्हणून घडलेल्या मूर यांनी १९७८ च्या मालिकेची पुनर्रचना करताना 'निसर्गवादी विज्ञानकथा' हा पक्ष मांडला. त्यांचे निर्णय बहुतांशी वजाबाकीचे आहेत. चित्रविचित्र परग्रहवासी नाहीत. किरणांच्या बंदुका नाहीत, साध्या गोळ्या आहेत. संकटातून हमखास सोडवणारी कृतक तांत्रिक परिभाषा नाही. कॅमेरा वृत्तपटाप्रमाणे हातात धरलेला, चाचपडणारा आहे. जहाजावरील दूरध्वनी तारेचे आहेत, कारण संगणकांच्या जाळ्यातूनच शत्रू, म्हणजे माणसाने घडवलेले सायलॉन, आत शिरतो. जुनाटपणा येथे नेपथ्याचा अलंकार न राहता कथानकाचे कारण बनतो. डार्को सुविन यांनी विज्ञानकथेचे लक्षण म्हणून सांगितलेले ज्ञानात्मक परात्मीकरण येथे उलट दिशेने घडते: अवकाशाच्या पार्श्वभूमीवर तारेचा दूरध्वनीच नव्याने दिसू लागतो.

या वजाबाकीचा खरा लाभ आशयाच्या पातळीवर होतो. 'थर्टी थ्री' या पहिल्या भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो. युद्धापेक्षा जागरण हेच नाट्य होते. राष्ट्राध्यक्षांच्या फलकावर वाचलेल्यांचा आकडा बदलत राहतो आणि अखेरीस एका जन्मामुळे तो ४७,९७३ होतो. 'वॉटर' या पुढील भागात पाण्याच्या टाक्या फोडल्या जातात. शोधाअंती बर्फरूपाने पाणी सापडते. सामान्य मालिका येथे सुटकेचा निःश्वास टाकून थांबली असती. परंतु 'बॅस्टील डे' हा त्यानंतरचा भाग विचारतो, की तो बर्फ काढण्याचे जीवघेणे कष्ट कोणी करावयाचे? शासनाची नजर कैद्यांच्या जहाजाकडे वळते आणि कैदी बंड करतात. पाणी शोधण्याचा प्रश्न तंत्राचा होता. ते कोणाच्या श्रमाने कोणाकडे जावे, हा प्रश्न सत्तेचा आहे. वास्तववादाची कसोटी मालिका येथे उत्तीर्ण होते.

शेवटच्या भागात (२००९) मात्र ती या भूमिकेपासून ढळते. थकलेला ताफा प्राचीन पृथ्वीवर उतरतो, जहाजे सूर्याकडे पाठवून देतो आणि माणसे मोकळ्या भूमीवर पांगतात. त्या भूमीवर आधीपासून मानवसमूह राहत आहेत, हे संहितेला ठाऊक आहे. पण पाण्याबाबत विचारलेला प्रश्न ती जमिनीबाबत विचारीत नाही. टंचाईचे राजकारण गोपकाव्यात विरून जाते.

हा न विचारलेला प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रोजचा आहे. शहापूर तालुक्यातील तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. त्याच तालुक्यातील भातसा धरणाचा मुंबईच्या पुरवठ्यात सर्वांत मोठा वाटा आहे. तरीही उन्हाळ्यात तेथील ठाकूर, कातकरी पाडे टँकरची वाट पाहतात. मुरबाडमध्ये बारवी धरणाच्या जलाशयाने गावे विस्थापित केली. त्याचे पाणी कारखान्यांकडे व शहरांकडे जाते. जमीन येथे कधीच मोकळी नव्हती, आणि पाणी वाहून नेणारी व्यवस्था डोळ्यांसमोरून जात असूनही तहान भागवीत नाही.

मराठीत वास्तववादी विज्ञानमालिका रचावयाची झाल्यास तिला अवकाशयानाची निकड नाही. नजीकच्या भविष्यात जलवाटप एखाद्या स्वयंचलित प्रणालीकडे सोपवले गेले, एवढी एक कल्पना पुरेशी आहे. बाकी सर्व निर्णय मूर यांच्याप्रमाणे वजाबाकीचे असावेत. प्रणालीचे स्पष्टीकरण थोडके असावे. टँकर येण्याची वेळ, आटलेल्या विहिरीत पाणी साठेपर्यंतचे बायकांचे जागरण, हंड्यांची मोजदाद यांतून ती दिसावी. बोली तेथीलच असावी, आणि पाड्यावरील माणसाला संकटाचा केवळ साक्षीदार न ठेवता प्रणालीशी वाद घालणारा पक्षकार करावे. अखेरीस पाणी मिळाले, तरी ते कोणाच्या वाट्याचे होते, हा प्रश्न संहितेने मिटवू नये. 'गॅलॅक्टिका'ने आरंभी जे साधले आणि शेवटी गमावले, ते टिकवण्याचा हा मार्ग आहे.