फाळक्यांची पहिली चौकट : मांडणी आणि उजेड

मंडळी, आज आपण एकच चित्र पाहणार आहोत. फिल्मवर मोजलं तर पोस्टाच्या तिकिटाएवढंही नाही. साधारण 24 मिलिमीटर रुंद, 18 उंच. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या सुरुवातीच्या प्रसंगाची ही चौकट. चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावात, कोरोनेशनमध्ये लागला. आज पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलंय. (तेही 1917 च्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक मानतात. आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.)

राजा मुलाला धनुष्य धरायला शिकवतोय, तारामती बघतेय. यावर नेहमीचा शेरा असा, की हे तर कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं नाटक. आम्हाला तो अर्धाच पटतो. ही मांडणी नाटकाइतकीच रविवर्म्याच्या चित्राची आहे, आणि ती चित्रं घरोघर गेली ती आपल्याच मावळातून. टाकव्याहून कान्हे फाट्यावर या, लोणावळ्याकडे वळा, कामशेतनंतर मळवली. रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून तिथे आला, आणि फाळके त्याच्यासाठी फोटोलिथोचे ट्रान्सफर तयार करत. या कामात डोळ्याला सवय लागते: रंग विसरायचा, काळ्या-पांढऱ्याचा तोल बघायचा.

तोल त्यांना साधला. उजेडात मात्र ते रविवर्म्याच्या मागे पडतात. रविवर्मा उजेड निवडून टाकतो, चेहऱ्यावर, जरीवर. बाकीचं सावलीत. फाळके सूर्यप्रकाशात चित्रण करत, आणि ऊन काही राजा-प्रजा बघत नाही. त्यात तेव्हाची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी, म्हणजे कुंकू आणि काजळ दोन्ही काळं. चेहरे सपाट होतात. तारामती झालेला पुरुष नटही या उन्हात लपत नाही. रंगमंचाच्या दिव्यात खपून गेला असता.

पण पुढे बघा. प्रजाजन शिकारीला चलण्याची विनंती घेऊन येतात आणि चौकट भरते. चित्र कडेपाशी संपतं, रंगमंच विंगेपाशी. इथे कडेपलीकडेही तेच ऊन पडलंय, असं वाटायला लागतं. निवडून टाकलेला उजेड असता तर हे झालं नसतं. तो सांगतो, बघायचं ते एवढंच. सपाट उन्हात मात्र आत्ता आलेला कुणी अनोळखी माणूस राजाइतकाच खरा दिसतो. नाटक म्हणून ज्याला नावं ठेवतात, ते नेमकं इथे नाटक राहत नाही.

आता प्रसंग पुन्हा लावू. या वेळी राजाकडे नको, कडेकडे बघा.