‘यू’ या इंग्रजी सर्वनामाची अर्थव्याप्ती आणि इटालियन अनुवाद : एक चिकित्सा

प्रस्तावना :

इंग्रजी भाषेच्या अभ्यासकास अगदी आरंभी परिचित होणाऱ्या शब्दांत ‘यू’ या द्वितीयपुरुषी सर्वनामाचा समावेश होतो. कर्ता असो वा कर्म, एकवचन असो वा अनेकवचन, संबोधित व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, वडीलधारी असो वा लहान, या शब्दाचे रूप बदलत नाही. त्यामुळे तो सोपा मानला जातो. द्विभाषिक कोशांत त्याच्यापुढे ‘तु’, ‘लेइ’ आणि ‘वोइ’ हे इटालियन प्रतिशब्द दिलेले असतात. मात्र ते परस्परांचे पर्याय नव्हेत. त्यांतील एकाची निवड करताच बोलणाऱ्या दोघांमधील नाते निश्चित होते आणि ते इंग्रजी संहितेत बहुधा कोठेही लिहिलेले नसते. प्रस्तुत लेखात या निवडीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

‘यू’ हे मुळात अनेकवचनी, तेही कर्मकारकातील रूप होय. एकवचनासाठी ‘दाउ’ होते. मध्ययुगात आदरार्थी अनेकवचन रूढ झाले आणि सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून ‘दाउ’ मागे पडत गेले. म्हणजे इंग्रजीत उरले ते आदरार्थी रूप. सलगीचे रूप लोपले. इंग्रजी सर्वांना ‘अरे-तुरे’ करते, हा प्रचलित समज वस्तुतः उलटा आहे. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही रूपे प्रचारात होती. ‘हॅम्लेट’मधील आई-मुलाच्या एकांतातील प्रवेशात राणी मुलास ‘दाउ’ म्हणते, तो तिला ‘यू’ने उत्तर देतो आणि तत्क्षणी तीही ‘यू’वर येते. दोघांतील अंतर सर्वनामानेच वाढलेले दिसते. इटालियन अनुवादकास येथे ‘तु’ व ‘वोइ’ सहज उपलब्ध असतात. अडचण त्यानंतरच्या इंग्रजी साहित्यात निर्माण होते.

इटालियनमधील ‘लेइ’ हे व्याकरणदृष्ट्या ‘ती’ होय. ‘आपली महोदयता’ अशा स्त्रीलिंगी आदरवाचक नामाशी त्याचा संबंध असल्याने पुरुषासही आदराने तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी सर्वनाम लावले जाते. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘लेइ’ला परकीय व दास्यसूचक ठरवून ‘वोइ’ची सक्ती केली. ‘लेइ’ नावाच्या एका स्त्रियांच्या साप्ताहिकाने त्याच वर्षी नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ केले. तेथे ‘लेइ’चा अर्थ केवळ ‘ती’ असा होता, हे कोणी लक्षात घेतले नाही. त्या काळातील अनुवादांत दिसणारे ‘वोइ’ अनुवादकाच्या अभिरुचीचे की राजाज्ञेचे, हे ठरविल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन करणे धाडसाचे ठरेल.

दान्ते आणि काल्व्हिनो :

सर्वनामाचे सामर्थ्य पाहावयाचे तर दान्तेकडे वळावे लागते. ‘दिव्हिना कोम्मेदिआ’मध्ये मार्गदर्शक व्हर्जिलला तो ‘तु’ म्हणतो. नरकात भेटलेल्या ब्रुनेत्तो लातीनी या गुरुतुल्य व्यक्तीस मात्र ‘वोइ’. स्वर्गखंडाच्या पंधराव्या सर्गात एका तेजस्वी आत्म्यास तो ‘तु’ने संबोधतो. हा आत्मा आपला खापरपणजोबा काच्चाग्विदा असल्याचे कळताच सोळाव्या सर्गात तो ‘वोइ’वर येतो. या सर्वनामाचा तो उल्लेखही करतो आणि बाजूला उभी असलेली बेआत्रिचे हसते. कुलाभिमानाचे व्यंग एका सर्वनामावर तोललेले आहे. तिलाही तो दीर्घकाळ ‘वोइ’ म्हणतो. एकतिसाव्या सर्गातील कृतज्ञतेच्या उद्गारात प्रथमच ‘तु’ येते. हे ‘तु’ अनादराचे नव्हे, हे विठ्ठलास ‘तू’ म्हणणाऱ्या संतपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही. लाँगफेलोने आपल्या इंग्रजी अनुवादात दोन रूपे राखून हा भेद जपला. आजच्या इंग्रजीत सर्वत्र ‘यू’ घातल्यास बेआत्रिचे का हसली हे तळटीपेतच सांगावे लागते.

इतालो काल्व्हिनोची १९७९ ची ‘से उना नोत्ते दिन्व्हेर्नो उन व्हिआज्जातोरे’ ही कादंबरी याहून बिकट प्रश्न उपस्थित करते. तिचा नायकच ‘तु’ म्हणजे वाचक, आणि तो व्याकरणाने पुरुष आहे. सातव्या प्रकरणात निवेदक जाहीरपणे वळतो आणि ‘तु’ हे संबोधन वाचिकेस लावतो. पुढे दोघांना मिळून ‘वोइ’ म्हणतो. विल्यम वीव्हरच्या १९८१ मधील इंग्रजी अनुवादात ती घोषणा आहे, परंतु एक, दुसरी आणि दोघे या तिन्ही ठिकाणी ‘यू’च आहे. वीव्हर हा अत्यंत जाणता अनुवादक. हा दोष त्याचा नव्हे.

येथे मराठीचा प्रश्न उद्भवतो. युरोपीय साहित्य मराठीत बहुधा इंग्रजीमार्गे येते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेत, शिवाय क्रियापदही बोलके आहे. इटालियनप्रमाणेच मराठीतही सर्वनाम गाळता येते; ‘आलास’, ‘आलीस’, ‘आलात’ यांतून संबोधित व्यक्तीचे लिंग, वचन वा मान कळतो. अर्थात ‘लेइ’ म्हणजे ‘आपण’ असे समीकरण मांडता येणार नाही, कारण ‘लेइ’ आज इटलीत दुकानदाराशी बोलतानाही सहज वापरले जाते, तर तेथे ‘आपण’ कृत्रिम वाटते. तरीही जे भेद मूळ इटालियनमध्ये आहेत व मराठीत उपलब्ध आहेत, तेच मधल्या इंग्रजीत पुसले जातात. सातव्या प्रकरणाचा इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्यास प्रत्येक वाक्यात ‘उठलास’, ‘उठलीस’ की ‘उठलात’ हे संदर्भावरून ताडावे लागेल; इटालियन संहितेत बहुतेक ठिकाणी ते छापलेलेच आहे.